आडनाव माडाचं, गोत्र ताडाचं

मामाचा फोन सहसा कामाचाच असतो. आंब्याची पेटी पाठवली आहे, गाडी अमुक वाजता पोचेल, उतरवून घे. सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मात्र त्याने एवढंच सांगायला फोन केला, "गडग्याजवळच्या भेरलीला शेंड्यात पोय आली गं."

पोय म्हणजे माडासारख्या झाडांचा फुलोरा. "अरे वा!" मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाला, "वा कसलं त्यात? आता वरून खाली यायला लागली ती."

माझं आजोळ रायगडच्या किनारपट्टीवरचं. वाडीत माड आणि पोफळी रांगेत उभ्या, सगळ्या लावलेल्या, आळं करून पाणी घातलेल्या. भेरली कुणी लावली नव्हती. गडग्याच्या दगडांत आपली आपण उगवली, आडवी येत नव्हती म्हणून कुणी तोडली नाही, आणि बघता बघता माडांच्या उंचीची झाली. भेरली माड म्हणायचं तर तो पुल्लिंगी, पण मामाच्या तोंडी ती कायम 'ती भेरली'. कुणी बिर्ली म्हणतं, गोव्यात बिर्लो माड, कुठे सुरमाड.

शहरातल्या माणसाने भेरली पाहिलेली असते, फक्त झाडावर नाही. लग्नाच्या मांडवाला, स्वागताच्या कमानीला दोन्ही बाजूंनी जी हिरवी झालर बांधलेली असते, बारीक बारीक त्रिकोणी पानांची आणि कडेला उंदराने कुरतडल्यासारखी, ती भेरलीची. त्यातला एकेक तुकडा म्हणजे माशाची शेपटी. म्हणूनच रोपवाटिकेत तिला फिशटेल पाम म्हणतात. आणि ज्याला आपण फांदी समजतो ते मुळात एकच पान असतं, चांगलं पुरुष-दीड पुरुष लांब. मधल्या दांड्याला बाजूचे दांडे आणि त्या दांड्यांना पाती, गुलमोहराच्या पानासारखी दुहेरी विभागणी. पामच्या कुळात जगभर अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. असं दोनदा फाटलेलं पान त्यांच्यात फक्त भेरलीच्या प्रजातीत सापडतं. कॅरिओटा तिचं शास्त्रीय नाव, आणि जाती जेमतेम तेरा-चौदा. भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशिया ओलांडून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत आणि वानुआतूपर्यंत पसरलेलं हे लहानसं घराणं.

लहानपणी मला वाटायचं, नावातच माड आहे म्हणजे ही माडाची चुलत बहीण असणार. वाडीत सगळी नाती अशी आडनावावरूनच कळायची. हा समज मोडला तो कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात. आमच्या बाईंनी टेबलावर तीन-चार पामांच्या पानांचे तुकडे टाकले आणि म्हणाल्या, "नावं विसरा. पात दांड्याला जिथे चिकटते तिथली घडी बघा."

ती घडी बघायला मी त्या मे महिन्यात आजोळी मुद्दाम वाडीत हिंडले. माडाची खाली पडलेली झावळी उचलली. पात दांड्याला जिथे लागते तिथे ती घराच्या कौलासारखी होती, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती. पाणी टाकलं तर ओघळून जाईल. पोफळीचंही तसंच. मग गडग्यावर चढून भेरलीचं एक लोंबतं पान खाली ओढलं. तिथे उलटं. पात पन्हळीसारखी, मधे खोल आणि कडा वर. पाण्याचा थेंब टाकला तर तिथेच बसला. बांधावर शिंदीचं खुरटं झाड होतं, त्याचीही पन्हळ. टेकडीवर ताड आहेत. ताडाचं पान म्हणजे पंखाच, पण त्याच्या चुण्याही मुळाशी पन्हळीच्याच.

म्हणजे वाडीत दोन पक्ष होते आणि इतकी वर्षं आम्हाला पत्ता नव्हता. कौलवाले माड आणि पोफळ एकीकडे, पन्हळवाले ताड, शिंदी आणि भेरली दुसरीकडे.

गंमत अशी की शास्त्रज्ञांनाही ही घडी दिसत होती आणि तरी बराच काळ त्यांनी भेरलीला पोफळी-माडांच्या उपकुळातच बसवलं होतं. १९८७ साली पामकुळाची जी मोठी मांडणी झाली, तिच्यातही ती तिथेच होती. फुलं तीन-तीनच्या झुपक्यात येतात, दोन नर आणि मधे एक मादी. हे लक्षण पोफळीकडचं. मग पानाची घडी वेगळी का, हा प्रश्न अडचणीच्या पाहुण्यासारखा ओसरीवर बसून राहिला. पुढे डीएनए तपासणं सोपं झालं, तेव्हा एकामागून एक अभ्यासांत भेरली ताडांच्या गोटात निघाली आणि २००८च्या सुधारित मांडणीत तिचं उपकुळ बदललं. ताड आणि श्रीताड हे तिचे खरे सगेसोयरे. माड फार लांबचा. फुलांच्या झुपक्याने फसवलं, पान मात्र पहिल्यापासून खरं सांगत होतं.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग काय, आता सात-बारावर नाव बदलायचं?"

भेरलीचे अगदी जवळचे भाऊबंद दोनच, अरेंगा आणि वालिशिया. तिघांचं मिळून एक गोत्र आणि तिघांचा कुळाचार सहसा एकच, तो म्हणजे वरून खाली फुलत यायचं आणि फुलणं संपलं की मरायचं.

हा कुळाचार नीट समजायला माडाशीच ताडून बघावं लागतं. माडाचा शेंडा वर वाढत राहतो, नव्या पानाच्या बगलेतून नवी पोय येते, साधारण महिन्याला एक. वय होईपर्यंत हे चक्र चालू. भेरली मात्र दहा-पंधरा किंवा अधिकही वर्षं नुसती वाढते. एक फूल नाही, एक फळ नाही. या काळात ती खोडाच्या गाभ्यात पिठूळ साठा करत असते, पै पै जोडणाऱ्या माणसासारखा. मग एक दिवस शेंडा थांबतो. नवं पान बंद. सर्वांत वरच्या बगलेतला झोपलेला डोळा जागा होतो आणि त्यातून घोड्याच्या शेपटीसारखा भलामोठा झुबका लोंबतो. तो फुलतो, फळतो, तोवर त्याच्या खालचा डोळा जागा होतो. मग त्याच्याखालचा. असं पाच-सात वर्षं चालतं, आणि सर्वांत खालच्या झुबक्याची फळं पिकली की अख्खं झाड वाळून जातं. मामा 'वरून खाली यायला लागली' म्हणाला ते याला.

श्रीताडाचंही साधारण असंच, पण तो दिलदार. तीस, पन्नास, कधी त्याहून जास्त वर्षं जमवलेलं सगळं एकाच मोसमात डोक्यावर उधळतो. वनस्पतींच्या दुनियेतला सर्वांत मोठा फुलोरा त्याचा. त्याच्या पानांवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या आणि त्याच्या बियांचे बजरबट्टू आपण पोरांच्या गळ्यात बांधले. भेरली तशी उधळी नाही. ती हप्त्याहप्त्याने खर्च करते.

आणि माणूस तिच्याकडे येतो तो या खर्चाच्या वेळेलाच. फुलायच्या आधी झाड पाडलं तर गाभ्यात पीठ मिळतं, साबुदाण्याच्या जातीचं. पश्चिम घाटातल्या आदिवासींनी टंचाईच्या दिवसांत ते खाल्लं आहे. फुलायला लागलं की तेच पीठ साखर होऊन वर चढतं. पोय छेवली, म्हणजे तिला काप दिला, की तो गोड रस थेंबथेंब मडक्यात. सकाळी उतरवला तर नीरा, ऊन चढलं की माडी. कोकणीत सूर म्हणजे माडीच, सुरमाड हे नाव तिथून आलेलं दिसतं. आमच्या गावात भेरली छेवणारे दोघे होते असं मामा सांगतो. आजोबांच्या वेळी. पुढे १९४९चा दारूबंदीचा कायदा आला, छेवायला परवाना लागू लागला, आणि एवढ्या उंच झाडावर दिवसातून दोनदा चढायला तयार असलेली माणसंही संपली.

श्रीलंकेत ही कला अजून जिवंत आहे. तिथे भेरलीला कितुल म्हणतात. रस आटवून त्याची काकवी करतात, आणि म्हशीच्या दह्यावर ती ओतून खाणं ही तिथली घरोघरची चैन. आणखी आटवली की गूळ. आपल्याकडे मात्र भेरलीचा गूळ म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. ऊस आहे ना, मग कशाला, हे उत्तर ठरलेलं. मला हे थोडं लागतं. दारात उभ्या असलेल्या झाडाची चव शेजारच्या देशाला ठाऊक आणि आपण त्याच्या झावळ्या मांडवाला बांधून दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकतो. केरळात निदान हत्ती तरी कृतज्ञ आहेत. देवळांतल्या हत्तींचा रोजचा चारा म्हणजे मुख्यतः भेरलीची पानं.

अरेंगा हा या घराण्यातला कर्ता पुरुष. वीस-पंचवीस जाती, पैकी एक आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली, बेट करून वाढणारी. पण नाव काढलं ते इंडोनेशियातल्या थोरल्या जातीने. तिथे तिला आरेन म्हणतात, प्रजातीचं नावही त्यावरूनच. पोय कापण्याआधी कित्येक दिवस तिचा देठ लाकडी मोगरीने हळूहळू ठोकतात. आपल्याकडचे भंडारी माडाची पोय तशीच ठोकत आले आहेत, तेव्हा हात दोन्हीकडे एकच. त्या रसाचा तांबूस-काळा गूळ तिथल्या मिठायांचा प्राण आहे. पानांच्या बुडख्याशी घोड्याच्या आयाळीसारखे काळे राठ केस असतात, त्यांनी बालीतल्या देवळांची मजल्यामजल्यांची छपरं शाकारतात. पावसाने कुजत नाहीत. कोवळ्या बिया उकडून, साखरेत मुरवून खातात. हे सगळं वाचल्यावर भेरली मला जरा आळशी वाटायला लागली. मग लक्षात आलं, आळशी ती नाही.

धाकटी पाती वालिशियाची. आठ-नऊ जाती, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीन-थायलंडपर्यंतच्या ओलसर जंगलांत झाडांच्या सावलीत राहणाऱ्या, बहुतेक बुटक्या. पानं भेरलीसारखी कुरतडलेली पण एकदाच विभागलेली, आणि उलट बाजूने चंदेरी. तिच्यातली डिस्टिका नावाची जात ईशान्य भारतात आहे. तिची पानं खोडाच्या दोनच बाजूंना, एकावर एक, समोरासमोर येतात. समोरून पाहिलं तर भलामोठा पंखा, बाजूने पाहिलं तर एक रेघ. कुणीतरी आख्खं झाड वहीत दाबून वाळवलंय असं वाटतं.

हे नाव ज्याचं, तो नथानिएल वालिश. कोपनहेगनचा, जन्म १७८६. बंगालातल्या श्रीरामपूरला (नगर जिल्ह्यातलं नव्हे) तेव्हा डेन्मार्कची वखार होती. तिथे हा १८०७मध्ये डॉक्टर म्हणून आला आणि दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी ती वखार घेतली, तर हा युद्धकैदी. पण झाडांमधलं ज्ञान पाहून त्याला सोडवून घेतलं गेलं आणि तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याच्या हाताखाली कामाला लागला. पुढे वालिशच त्या उद्यानाचा प्रमुख झाला, आणि १८१४मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय उभं राहिलं तेही त्याच्याच पुढाकाराने. रॉक्सबर्गने या बुटक्या पामाला वालिशचं नाव दिलं. ते छापून आलं १८२०मध्ये, तोवर रॉक्सबर्गला जाऊन पाच वर्षं झाली होती. ज्या जातीवर नाव ठेवलं तिला त्याने म्हटलं कॅरिओटॉइडिस, म्हणजे भेरलीसारखी. भाऊबंदकी त्याच्या तेव्हाच लक्षात आली होती.

आता खाजेची गोष्ट. ती टाळता येणार नाही, कारण भेरलीच्या शास्त्रीय नावातच ती आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. वादळी पावसात एक जुनी भेरली परड्यात आडवी झाली होती आणि तिच्या झुबक्यांना लालचुटुक, बोराएवढी फळं लगडलेली. हजारो. मी आणि मामेभाऊ दोघांनी ती ओरबाडली, दगडाने ठेचली, आतल्या गुळगुळीत बिया काढून खिशात भरल्या. गोट्यांना उत्तम. दहा मिनिटांत बोटांच्या बेचक्यांत चुरचुर सुरू झाली, मग मनगटं, मग ज्या ज्या ठिकाणी हात लागला होता ती सगळी ठिकाणं. भावाने डोळा चोळला होता. आजीने आधी दोघांना ओरडून घेतलं, मग विहिरीवर नेऊन पाणी ओतत राहिली. "लाल दिसलं की झोंबलीच ही माकडं," एवढं एकच वाक्य ती दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणत होती.

फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूने घसा खवखवतो तो याच सुयांनी, फक्त इथे मामला कितीतरी जहाल. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्याच्या १६७८च्या पहिल्याच खंडात भेरली आहे, चुंडपना या मल्याळी नावाने. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिचं बारसं केलं तेव्हा ठेवलं कॅरिओटा युरेन्स. युरेन्स म्हणजे जाळणारी, झोंबणारी. पुढे आग्नेय आशियातली एक बेट करून वाढणारी जात मिळाली, तिला नाव पडलं मायटिस, म्हणजे सौम्य. एकाच घराण्यात एक जहाल, एक मवाळ. पुण्यात सोसायट्यांच्या फाटकाशी लावतात ती बहुधा ही मवाळ. तिचं एक खोड फुलून मेलं की माळी ते कापतो, बाकीची खोडं चालू राहतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण फळं ठेचून बघू नका. खाज तीच. मवाळांना कमी लेखू नये हे आपल्याला इतिहासात शिकवलंच होतं.

त्या सुया कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, मात्र लागत नाहीत. तो रात्री येतो, पिकलेली फळं निवांत खातो आणि बिया गडग्यांवर, विहिरीच्या काठावर सोडून जातो. आमची भेरली गडग्यात उगवली ती अशीच कुणाच्या तरी रात्रीच्या जेवणातून.

दुसरा भाडेकरू मला पुण्यात भेटला. आमच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बंगल्यात भेरली आहे, जहाल जातीची. एका संध्याकाळी तिच्या लोंबत्या झुबक्यातून काहीतरी सुटलं आणि फडफडत गेलं. मग आणखी एक. असे पाच-सहा. नंतर वाचलं तर कळलं, आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळांचं हे घर. नर झुबक्याच्या आत शिरून मधल्या दोऱ्या एकेक करून कुरतडतो, कित्येक रात्री, आणि बाहेरच्या तशाच ठेवतो. आत घंटेच्या आकाराची पोकळी तयार होते. बाहेरून बघणाऱ्याला नुसता झुबका. त्यात त्याच्या माद्या येऊन राहतात आणि तो घर राखतो. नव्वदच्या दशकात या वागण्याचा अभ्यास पुण्यातल्याच भेरलींवर झाला होता. बंगल्याच्या मालकीणबाईंना मी उत्साहाने हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गाडीवर घाण करतात ते हेच का?" हेच.

यंदा मे महिन्यात पुन्हा आजोळी गेले. भेरलीचा शेंडा आता केस गेलेल्या डोक्यासारखा, दोन-तीन पानं काय ती उरलेली, तीही पिवळी. वरचे झुबके वाळून काळ्या सुतळ्यांचे गुंतवळ झालेले. सर्वांत खालचा आमच्या वळचणीच्या उंचीवर, आणि तो भरात होता. नर फुलं आधी उमलतात आणि गळतात. गडग्याखाली त्यांचा फिकट सडा पडला होता, वर मधमाश्यांची घरघर. त्यांना झाडाच्या वयाशी देणंघेणं नव्हतं.

मामा सुतळी घेऊन आला आणि खोडाला छातीच्या उंचीवर वेढा घालून मोजायला लागला.

"काय करतोयस?"

"पन्हळ. बाहेरचं लाकूड लोखंडासारखं असतं हिचं, आतला भुसा काढला की झालं. पूर्वी पोफळींना पाणी हिच्याच पन्हळींतून जायचं." आता पोफळींना पाणी पाइपातून जातं, हे त्यालाही माहीत होतं. "गोठ्याच्या छपराला लावीन," तो म्हणाला. "दोन निघतील."

मी म्हटलं, पानापासून खोडापर्यंत सगळी पन्हळच की. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण घडीची ती जुनी गोष्ट त्याच्या लक्षात नव्हती. सुतळीला मापाच्या जागी गाठ मारून त्याने ती पडवीतल्या खुंटीला टांगली.

"यंदाच पाडणार?"

"छे," तो म्हणाला, "खाली अजून एक डोळा आहे तिचा. तो येऊ दे."